हलिमाचाचीच्या मूळ संख्या

भोरच्या बाजारपेठेत हलिमा मणियारच्या बांगड्या नावाजलेल्या, आणि बांगड्यांहून तिची जीभ. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाया कापड कुठल्याही दुकानात घेवोत, नवरीचा चुडा भरायला हलिमाकडंच यायच्या. ती पोरीचा हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघायची आणि म्हणायची, "सैल सोड की गं हात. नवऱ्याला धरायचाय, म्हशीला न्हाई." बाया खिदळायच्या, पोर लाजायची, आणि तेवढ्यात हिरव्या काचेची बांगडी हाडावरून सरकून मनगटात बसलेली असायची.

दुकान तिच्या बापाचं. भाऊ नव्हता, म्हणून बापामागं तिनंच ते चालवलं. नवऱ्यानं कधी नको म्हटलं नाही. नवरा शाकिर मणियार, हिर्डोशीच्या बाजूच्या एका माध्यमिक शाळेत गणिताचे सर. सकाळच्या एसटीनं वर जायचे, दिवेलागणीला खाली यायचे. पावसाळ्यात रस्त्यावर दरड आली की गाडी मधेच थांबायची आणि सर छत्री घेऊन उरलेली वाट पायी तुडवायचे. शाळा बुडाली असं मात्र झालं नाही.

त्यांचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. शाकिर दुकानात बायकोशेजारी येऊन बसले. नवी नवरी आणि नवा नवरा, दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. समोर बांगड्यांची जुडी पडली होती. ती उचलून ते म्हणाले, "हलिमा, बांगड्या डझनानंच का विकतात? दहा-दहाच्या का नाही बांधत?"

"आमच्या आज्यापास्नं डझनच हाय," ती म्हणाली.

"त्याला कारण आहे. बारा बांगड्या दोघींत वाटता येतात, तिघींत येतात, चौघींत येतात, सहाजणींतही येतात. दहाचं तसं नाही. दोघींत नाहीतर पाचजणींत, मधल्या तिघी-चौघी उपाशी."

"आन् तेरा असल्या तर?"

तिनं सहज विचारलं होतं. पण शाकिरच्या चेहऱ्यावर दिवा लागल्यासारखं झालं. ते पुढं सरकून बसले. "तेरा म्हणजे मूळ संख्या! तिला दोनच विभाजक. एक आणि ती स्वतः. तिची समान वाटणीच होत नाही."

"मग त्यातली एक वाढीव माझ्या हातात भरा आन् उठा, गिऱ्हाईक आलंय," हलिमा म्हणाली.

शाकिर हसले, उठले. पण त्यानंतर त्यांनी बायकोशी आकड्यांचं बोलणं कधी काढलं नाही. तिलाही ते तेव्हा जाणवलं नाही. तिच्या जिभेला तशी सवयच होती.

सर शाळेत कसे होते ते तिला लोकांकडून कळायचं. बाजारात कुणीतरी बाप्या भेटायचा आणि सांगायचा की मणियार सरांनी आमाला पटांगणात उभं करून गणित शिकवलं. प्रत्येकाला एक आकडा द्यायचा. सम एकीकडं, विषम दुसरीकडं. मग तेच मोडून मूळ संख्या एका झाडाखाली, संयुक्त संख्या दुसऱ्या झाडाखाली. पोरं पळायची, चुकायची, ओढून आणली जायची, आणि सर मधे उभे राहून पोटभर हसायचे. हे ऐकताना हलिमाला नवल वाटायचं. घरात तिनं त्यांना पोटभर हसताना पाहिलं नव्हतं. घरी ते जेवायचे, नमाज पढायचे, पेपर वाचायचे, लेकीचा अभ्यास घ्यायचे. भांडण नाही, तंटा नाही, आणि बोलणंही नाही. शेजारणीला ती म्हणायची, "ह्यांचं बोलणं समदं शाळंतच सरतंय. घरला येतंय ते रिकामं दप्तर."

लेक फिजा शिकली, पुण्यात नोकरीला लागली, तिथंच तिचं लग्न झालं. सर निवृत्त झाले. दुपारी ते दुकानात मागच्या स्टुलावर येऊन बसू लागले. हलिमाच्या मनात आलं, आता तरी दोन शब्द बोलतील. हळूहळू बोलायलाही लागले होते. धरणाचं पाणी किती उतरलं, कुठला विद्यार्थी कुठं भेटला, असं काहीबाही. माणूस पन्नाशी-साठीत नव्यानं ओळखीचा व्हावा तसं ते चाललं होतं.

आणि एका सकाळी नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करताना त्यांच्या हातातला तांब्या निसटला. हलिमा आतून ओरडली, "काय सांडलं?" उत्तर आलं नाही. ती बाहेर आली तर सर मोरीच्या भिंतीला टेकून बसलेले, तोंड वाकडं झालेलं, आणि डोळे तिच्याकडं लागलेले. त्या डोळ्यांत भीती होती. नवऱ्याला घाबरलेलं तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पुण्याच्या दवाखान्यातून बऱ्याच दिवसांनी घरी आणलं तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, त्यांना कळतं बरंचसं, पण शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असलं तरी 'पाणी' तोंडात येत नाही. ओठ हलायचे, घशातून एक आवाज निघायचा, मग सर डोळे मिटून घ्यायचे.

व्यायाम घ्यायला शेफाली नावाची बाई यायची. भोरचीच, मनानं चांगली. हातपाय हलवून झाले की ती म्हणायची, "सर, आता आकडे म्हणू. आकडे लवकर परत येतात. जन्मभर म्हटलेले असतात ना. म्हणा, एक."

बरेच दिवस काही आलं नाही. मग एका रविवारी, फिजा आलेली असताना, सरांच्या तोंडून स्पष्ट शब्द निघाला. "दोन."

हलिमा हातातली वाटी ठेवून खाटेपाशी आली.

"शाब्बास! पण एकपासून, सर," शेफाली म्हणाली.

"दोन," सर म्हणाले. "तीन. पाच. सात."

"चार राहिले, अब्बा," फिजा त्यांचा हात धरून म्हणाली. "तीननंतर चार. म्हणा, चार."

सरांनी मान हलवली. "दोन. तीन. पाच. सात. अकरा."

"चार, अब्बा. चार, मग पाच, मग सहा."

सरांनी डावी मूठ खाटेच्या कडेवर आपटली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. शेफाली बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, "असं होतं. मधले आकडे गळतात. रोज घेत राहा."

रोज घेणं चालू राहिलं आणि रोज तेच होत राहिलं. फिजा फोनवरून विचारायची, "चार आले का?" हलिमा म्हणायची, "न्हाई." पण तिच्या मनात काहीतरी खटकत होतं. जन्मभर ती माल सांभाळत आली होती. गठ्ठा हातातून पडून फुटला, बांगड्या वाढल्या, तर कुठल्याही वाढतात, एक हिरवी, दोन लाल, एक पिवळी. पण रोज हिरवीच तेवढी जात असेल, तर ती वाढत नसते, कुणीतरी निवडून काढत असतं. विसरणारा माणूस आज हे विसरेल, उद्या ते. हे तर रोज मोजून तेच गाळतात. चार कधीच नाही. सहा कधीच नाही. आठ, नऊ, दहा कधीच नाही. हे तिनं शेफालीला सांगून पाहिलं. शेफाली तिच्याकडं मायेनं बघून म्हणाली, "चाची, तुम्ही दमलाय."

त्याच सुमारास रत्ना आली. रत्ना मूळची हिर्डोशीची, सरांची विद्यार्थिनी. आता वेल्हे तालुक्यात मार्गासनीला दिलेली, तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची. सरांचं कळल्यावर चेलाडी फाट्यावर गाडी बदलून, पिशवीत इंद्रायणीचा तांदूळ आणि घरच्या तुपाची बरणी घेऊन ती भोरला पोचली. सरांच्या पायाला हात लावून स्टुलावर बसली. सरांनी तिला ओळखलं. ओठ थरथरले, पण नाव काही येईना. मग त्यांनी जे येत होतं तेच दिलं.

"दोन. तीन. पाच. सात."

हलिमा घाईनं म्हणाली, "त्यांना आकडं धड येत न्हाईत गं. मधलं गळतात."

रत्ना जागची हलली नाही. पदर तोंडाशी धरून ती सरांकडं बघत होती. "न्हाई, चाची," ती म्हणाली. "गळत न्हाईत. सर चुकत न्हाईत." आणि पुढं झुकून, वर्गात म्हणतात तशा सुरात म्हणाली, "अकरा."

"तेरा," सर म्हणाले.

"सतरा."

"एकोणीस!"

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि वाकड्या तोंडानं ते हसले. रत्नाही रडत होती आणि आकडे म्हणत होती. तेवीस, एकोणतीस, एकतीस. हलिमा उठून आत गेली, चहा ठेवते म्हणून. शेगडीपाशी गॅस न पेटवता ती नुसती उभी राहिली. एवढे दिवस तिनं त्या माणसाला भरवलं होतं, पुसलं होतं, कुशीवर वळवलं होतं, आणि तो पहिल्यांदा बोलला तो दुसरीशी. रत्नाचा राग आला नाही. स्वतःचा आला. तेरा असल्या तर, असं तिनंच एकदा विचारलं होतं, आणि ऐकून घ्यायला थांबली नव्हती.

चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ती म्हणाली, "रत्ना, ते काय हाय ते मला शिकीव."

रत्नानं चटईवर बांगड्या मागवल्या. बारा बांगड्या घेतल्या आणि हलिमाला म्हणाली, सारख्या ओळींत मांडा. हलिमानं सहा-सहाच्या दोन ओळी केल्या, मग चार-चारच्या तीन. "हे समदं मला ठावं हाय. म्होरं," ती म्हणाली. रत्नानं एक बांगडी काढून घेतली. "आता मांडा." हलिमानं दोन ओळी केल्या, एक उरली. तीन केल्या, दोन उरल्या. चार केल्या, तीन उरल्या. तिनं पुन्हा गोळा करून पाचांत, सहांत करून पाहिलं. शेवटी सगळ्या एकाच लांब ओळीत लावल्या. "ही अशीच ऱ्हाती म्हन की."

"व्हय. अकराची एकच ओळ. ती मूळ संख्या. जिच्या ओळी पडतात ती संयुक्त. सर निसत्या मूळ संख्या म्हणतात, चाची. वर्षानुवर्षं आमच्याकडून म्हणून घ्यायचे, रोज, प्रार्थनेनंतर. ते डोक्यात इतकं खोल गेलंय की तेवढं राहिलं."

खाटेवरून सर बघत होते. हलिमा एकेक आकडा मांडत गेली. चार मांडले, दोन ओळी पडल्या. नऊ मांडले, तीन ओळी पडल्या. मग तिनं एकच बांगडी उचलली. "आन् ही? हिचीबी एकच ओळ. मग ह्यांनी एक का सोडला?"

"एक कुठंच बसत न्हाई. मूळबी न्हाई, संयुक्तबी न्हाई. मूळ संख्येला दोन विभाजक लागतात. एकाला तो एकटाच."

"बिचारा," हलिमा म्हणाली.

रत्ना हसली. "मला सरांनी एकदा पटांगणात एकच दिला व्हता. पोरं म्हणली, तू आमच्यात न्हाईस. दुसऱ्या झाडाखाली गेले तर तिथंबी तेच. मी रडाय लागले. तर सरांनी मला आपल्याजवळ बोलावलं आन् समद्यांना सांगितलं, ही कुणातच न्हाई, पण हिचा भाग समद्यांना जातो."

खाटेवरून सरांचा घशातला आवाज आला. त्यांना आठवत होतं.

"बरं, एकूण हाईत किती?" हलिमानं विचारलं. "मला समद्या पाठ करायच्यात."

"संपत न्हाईत, चाची. कितीबी म्होरं जावा, आणखी असतातच."

हलिमाचा चेहरा पडला. "मग म्या कवा पुऱ्या पाठ करनार?"

"शंभराच्या आतल्या करा. लई झाल्या."

रत्नानं त्या तिच्या मोबाईलमध्ये आपल्या आवाजात म्हणून ठेवल्या. दुकानात गिऱ्हाईक नसलं की हलिमा मोबाईल कानाला लावून जप केल्यासारखी पुटपुटायची. शेजारचा चप्पलवाला म्हणाला, चाची, कुठला वजीफा पढताय? ती म्हणाली, "व्हय, तसाच." ती सातवीपर्यंत शिकलेली, पाठांतर तरुणपणी पक्कं. आता मात्र एकेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं गाडी रुतायची. पण चिकाटी होती. बकरी ईद गेली, मोहरमही सरला, तोवर तिच्या सगळ्या पाठ झाल्या.

मग त्यांचा नेम पडला. दुपारी ती दुकान अर्धं ओढून घरी यायची. मऊ भात नाहीतर खिमट करून त्यांना भरवायची, तोंड पुसायची, पाठीशी उशी लावून बसवायची आणि समोर बसायची. सर म्हणायचे, "दोन." ती म्हणायची, "तीन." "पाच." "सात." असं आलटून पालटून शंभरापर्यंत. सुरुवात सरांची असली की शेवटचा सत्त्याण्णवही त्यांच्याच वाट्याला यायचा, आणि तो ते असा ठेवून द्यायचे जसा शेवटचा पत्ता टाकावा. कधी दुपार त्यांच्या मर्जीची नसायची. तेवीसपाशीच डोळे मिटायचे. कधी दोन-दोन फेऱ्या व्हायच्या. शेफालीनं एकदा ऐकलं, समजून घेतलं आणि खजील होऊन म्हणाली, चाची, हाच व्यायाम चालू ठेवा. फिजालाही सांगितलं. ती फोनवर म्हणाली, "ते ठीक आहे, अम्मी, पण चार कधी येतील?"

एक दिवस सुरुवात हलिमाची होती. फेरी रंगात आली होती. सर म्हणाले, "एकोणनव्वद." हलिमाला आत गॅसवरच्या डाळीचा वास आला, लक्ष उडालं, आणि ती म्हणून गेली, "एक्याण्णव."

सरांनी मान हलवली.

"एक्याण्णव," ती पुन्हा म्हणाली. तिला खात्री होती. त्याच्या ओळी काय पडणार? ना दोनात जात, ना तीनात, ना पाचात.

सर तिच्याकडं टक लावून बघत राहिले. कपाळावर शीर उठली. जड वस्तू उचलावी तसे ते कुठलीतरी गोष्ट आतून उचलत होते. मग म्हणाले, "सात." थांबले. "तेरा."

"न्हाई हो, ते मागंच झालं. सात झालं, तेरा झालं."

"सात. तेरा," ते पुन्हा म्हणाले, आणि डाव्या हाताचा पंजा तिच्यासमोर धरला, थांब, ऐक, अशासारखा.

तिला काही उमगेना. डाळ लागत होती म्हणून ती आत धावली. पातेलं उतरवलं, पदरानं हात पुसला, आणि तशीच उभी असताना लहानपणी बाकावर डोलत म्हटलेला पाढा आपोआप तोंडात आला. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. ती थबकली. बोटं मोजत पुढं गेली. तेरा चोक बावन्न, तेरा पंचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते...

"एक्याण्णव!" ती ओरडलीच आणि बाहेर धावली. "तेरा साते एक्याण्णव! ओळी पडतात! तेराच्या सात ओळी पडतात!"

सर हसत होते. अंग गदगदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पोटभर हसत होते. हे पाठांतर नव्हतं. तिनं चूक केली होती आणि त्यांनी ती पकडून, का चुकलं ते तिला समजावून दिलं होतं. तिचा नवरा आत होता, पुरता जागा होता, आणि तिला शिकवत होता. हलिमा त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. त्यांचा डावा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला.

त्या दिवसापासून 'सात तेरा' हा त्यांचा शब्द झाला. भाजीत मीठ जास्त पडलं की सर घास गिळून म्हणायचे, "सात तेरा." तिनं सदऱ्याची बटणं वरखाली लावली की "सात तेरा." ती एखाद्या गिऱ्हाइकाची उणीदुणी काढायला लागली की डोळे मिचकावून "सात तेरा." हलिमा लटक्या रागानं म्हणायची, "व्हय, समद्या जगात माझंच चुकतंय." पण कुणी बघितलं असतं तर तिच्या तोंडावरचं सुख लपलं नसतं. लग्नाला इतकी वर्षं झाली. नवराबायकोत एखादा आपला शब्द असतो म्हणतात, तो त्यांना आता मिळाला होता.

ते एवढ्यावर टिकतं तर बरं होतं. दिवाळीच्या आसपास थंडी पडली आणि सरांना ताप भरला. छातीत कफ झाला. मग एका पहाटे पुन्हा डोळे फिरले. पुन्हा अँब्युलन्स, पुन्हा पुणं. डॉक्टर म्हणाले, झटका लहान आहे, देवाची कृपा. थोड्याच दिवसांत घरी सोडलं. सर पहिल्यापेक्षा शांत दिसत होते. ताटातलं मुकाट्यानं खात होते. त्या आठवड्यात फिजा राहायला आली होती.

दुपारी हलिमानं उशी लावली आणि समोर बसली. सरांनी तिच्याकडं पाहिलं. ती वाट बघत राहिली. शेवटी तीच म्हणाली, "दोन."

"तीन," सर म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला. "पाच."

"सहा," सर म्हणाले. "सात. आठ. नऊ. दहा."

फिजा आतून पळत आली. "अम्मी! ऐकलंस का? अब्बा नीट मोजायला लागले! अब्बा, पुन्हा म्हणा. एक, दोन, तीन..."

"चार," सर म्हणाले.

"चार! अम्मी, चार आले!" फिजाला हसू आवरेना. तिनं लगेच शेफालीला फोन लावला. शेफालीही म्हणाली, अरे वा, मूळ संख्यांवरून सगळ्या आकड्यांवर आले, ही चांगली खूण आहे.

हलिमा सरांच्या चेहऱ्याकडं बघत होती. तिथं कपाळावरची शीर नव्हती, रोखलेली नजर नव्हती. आकडे तोंडातून निघत होते, नळाला पाणी यावं तसे. तिला वाटलं, आज थकले असतील. उद्या बघू. उद्याही तेच झालं, परवाही. एका दुपारी फिजा खाटेपाशीच बसलेली असताना हलिमानं मन घट्ट केलं आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघत मुद्दाम म्हणाली, "एक्याण्णव."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. आता मान हलेल. आता पंजा वर होईल.

"ब्याण्णव," सर म्हणाले. "त्र्याण्णव. चौऱ्याण्णव."

"क्या बात है, अब्बा!" फिजानं टाळी वाजवली.

हलिमा उठली आणि मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी तिनं पुन्हा घासली. लेकीला काय सांगायचं? तिचा बाप तिला परत आल्यासारखा वाटत होता, आणि तो गेल्याचं एकट्या हलिमाला कळलं होतं. ती शिकली नसती तर तीही टाळ्या वाजवत बसली असती. एक क्षण तिला वाटलं, तेच बरं झालं असतं. मग तिनं तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर येऊन फिजाला म्हणाली, "व्हय गं, छान म्हनत्यात." फिजा समाधानानं पुण्याला गेली.

त्यानंतरच्या दुपारी हलिमा समोर बसायची ती सवयीनं. सर एकपासून मोजायचे, तीही त्यांच्याबरोबर एकपासून मोजायची. कधी वीस, कधी तीस. चार म्हणताना सुरुवातीला तिची जीभ अडखळायची. एकदा तिनं भाजीत मूठभर मीठ जास्त घातलं, जाणूनबुजून, आणि घास त्यांच्या तोंडात दिला. सरांनी तो खाल्ला आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. हलिमानं ताट बाजूला सारलं, दुसरी भाजी केली, आणि अल्लाची माफी मागितली.

संक्रांतीला बांगड्यांचा हंगाम असतो. दुकानात गर्दी होती, बाया हात पुढं करून उभ्या होत्या, तेव्हा शेजारच्या बाईनं येऊन हाक मारली. हलिमा घरी पोचली तेव्हा सर झोपल्यासारखे पडले होते. ऊन खिडकीतून त्यांच्या पायांवर आलं होतं.

मयतीला भोरची माणसं होतीच, पण वरची गावं उतरून आली त्याचं लोकांना नवल वाटलं. हिर्डोशीपासून टेम्पो करून माणसं आली. टोप्या घातलेले, फेटे बांधलेले, शर्टाची बटणं न लावलेले बाप्ये, सगळे एकेकाळी त्या दोन झाडांखाली पळालेले. त्यांनी जनाज्याला खांदा दिला. कब्रस्तानात कसं वागायचं ते ठाऊक नसलेले भिंतीपाशी हात बांधून उभे राहिले आणि माती द्यायची वेळ आली तेव्हा एकामागून एक पुढं झाले.

रत्ना दुसऱ्या दिवशी आली. बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. फिजा सगळ्यांना सांगत होती, "अब्बा शेवटी शेवटी खूप सुधारले होते. शंभरपर्यंत न चुकता मोजायचे. एक, दोन, तीन, चार, सगळं." बायका मान डोलवत होत्या, निदान तेवढं समाधान, म्हणत होत्या.

रत्नानं हलिमाकडं पाहिलं. हलिमानं नाही अशी मान हलवली, अगदी थोडी. रत्नाचा हात तोंडावर गेला. ती उठून हलिमाजवळ आली, तिला टेकून बसली आणि कानाशी म्हणाली, "कवापासनं, चाची?"

"दिवाळीपासनं," हलिमा म्हणाली.

"आन् तुमी एकटीनंच..."

"कुनाला सांगू?"

मग मात्र तिचा बांध फुटला. मयत उठली तेव्हा ती रडली नव्हती, बायका काळजी करत होत्या. आता ती रत्नाच्या खांद्यात तोंड खुपसून मोठ्यानं रडली, आणि फिजाला वाटलं, रत्नाताईंना बघून अब्बांची शाळा आठवली असेल.

इद्दतीचे, नवऱ्यामागं घरात राहायचे, चार महिने दहा दिवस संपेपर्यंत ती घराबाहेर पडली नाही. फिजानं पुण्याला चल म्हणून खूप धरलं. हलिमा म्हणाली, "तितं म्या काय करू? तुमी दोगं कामावर जानार, म्या भिंती बघू?" मुदत सरल्यावर तिनं दुकान उघडलं. काचांवर धूळ बसली होती; ती पुसायलाच सकाळ गेली. हात पूर्वीसारखाच चालतो. नवऱ्या येतात, मनगटं पुढं करतात, ती अंगठ्याच्या मुळाशी दाबून बांगडी चढवते. म्हशीचा विनोद आता करत नाही. नव्या पोरींना ठाऊक नाही, म्हणून त्यांना चुकल्यासारखं वाटत नाही.

दुपारी, त्यांच्या आकड्यांच्या फेरीच्या वेळेला, बाजार ओस पडतो. चप्पलवाला जेवायला जातो, शटरं अर्धी खाली येतात. हलिमाचं दुकान तेवढं उघडं असतं. घरून आणलेला डबा ती तिथंच खाते, डब्याचं झाकण लावते, आणि कुणी गिऱ्हाईक येतंय का बघत बोळाच्या तोंडाकडं नजर लावून बसते.